थुंकलेलं औषध

नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर यंदा सीताफळापेक्षा बियांचीच चर्चा जास्त. तुमच्याही मोबाइलवर आलंच असेल, 'सीताफळाच्या बियांच्या अर्काने स्तनाच्या कर्करोगाचा खात्मा!' खाली जोडलेले हात आणि 'दहा ग्रुपवर पाठवा' ही वैद्यकीय सूचना.

खात्मा झाला तो प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या, करंगळीचं टोकही जेमतेम शिरेल अशा खाचेत. मेल्या त्या स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ नावाच्या पेशी. १९७३ पासून त्या प्रयोगशाळांतच वाढताहेत. वर पिवळं रसायन घालायचं. पेशी जिवंत असतील तर जांभळा रंग येतो. आला नाही, की शोधनिबंध तयार.

नसरापूरकरांच्या जिवाला घोर लागलाय तो निराळाच. आजवर आपण किती औषध थुंकलं! पिढ्यान्‌पिढ्या फूः करून अंगणात उडवलं. बनेश्वरला येणारे पुणेकर तर गाडीची काच खाली करून हायवेभर औषध पेरत गेले. आता म्हणे फळ खाणाऱ्यासमोर वाटी धरायची, बिया मोजून घ्यायच्या, एखादी चुकून गिळली तर बिलात लावायची. फाट्यावरच्या मावशींनी पाटीशेजारी डबाच ठेवलाय. ''मावशी, हे कशाला?'' ''आवो, क्यान्सरवर चालतंय म्हनं. गर तुमी खावा, बिया हितं टाका.''

याच बियांची पूड आजी उवांवर लावायची. लावताना पोरीच्या डोळ्यांवर फडकं घट्ट बांधायची, कारण पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. त्यातली ॲसिटोजेनिन्स नावाची द्रव्यं पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतात. ही पेशी उवेची, ती गाठीची, ती तुमच्या मेंदूची, असा पंक्तिप्रपंच त्यांना जमत नाही. आजी शाळेत गेली नव्हती, पण विष ओळखत होती. आम्ही पदवीधर, आम्ही ते चमच्याने कोमट पाण्यात घेतो.

झाडातून औषध येतं, नाही कोण म्हणतंय? दारातल्या सदाफुलीतून कर्करोगावरचं व्हिनब्लास्टिन आलं. यू झाडाची साल १९६२ साली गोळा झाली. तिच्यातल्या पॅक्लिटॅक्सेलला स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली १९९४ साली. मधल्या ३२ वर्षांत किती द्यायचं, कुणाला द्यायचं आणि त्याने माणूस मरत तर नाही ना, हेही तपासलं गेलं. आमच्याकडे बातमी सकाळी आणि चूर्णाची पुडी संध्याकाळी! आणि ती पुडी घेतं कोण? वेल्ह्याकडच्या वाडीतली एखादी बाई. गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसलेली, पुण्याला न्यायला घरात कुणाला सवड नाही, एसटीच्या भाड्याचाही हिशोब होतो, म्हणून पुडी. सुरुवातीला कर्करोगाची गाठ बहुतेकदा दुखतच नाही, हे त्या दहा ग्रुपांपैकी एकाही ग्रुपवर कुणी का लिहीत नाही? पुड्या संपेपर्यंत रोग काखेत उतरतो. तेव्हा तो फॉरवर्ड करणारा शहाणा कुठे असतो? पुढच्या ग्रुपवर, जवसाचा फॉरवर्ड घेऊन!

बायांनो, स्तनात गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. गाठीचा तुकडा तपासून होईपर्यंत कुणाचंही चूर्ण घेऊ नका. तपासून झाल्यावर तर नकोच.