बटण नसलेला दिवा

सिनेमॅटोग्राफीच्या पुस्तकात दिवे तीन असतात : की, फिल आणि बॅक. बीड जिल्ह्यात दिवा एकच. तो पंधरा कोटी किलोमीटरवर टांगलेला आहे, त्याला बटण नाही आणि वैशाखात दयामायाही नाही. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, असं आम्हाला वर्गात शिकवलं. केज तालुक्यातल्या आमच्या गावात हा नियम चालत नाही. पात्राला सूर्यापासून शंभर पावलं मागं नेलं, तरी उजेड तेवढाच राहतो. पात्र मात्र शेजाऱ्याच्या वावरात जातं आणि बांधाचं भांडण सुरू होतं.

आमच्याकडं कॅमेऱ्याचं शास्त्र रुजवलं ते लग्नातल्या शूटिंगवाल्यांनी. दिवसा ऊन तोंडावर, रात्री हॅलोजन डोळ्यांवर, हा त्यांचा दंडक. त्यामुळं जिल्ह्यातली एक अख्खी पिढी कॅसेटमध्ये डोळे मिचकावत बोहल्यावर चढली आहे. अशा ठिकाणी मी आजीला उन्हाकडं पाठ करून उभं केलं, तेव्हा चुलते धावतच आले.

‘‘आरं, म्हातारीला अशी कामून उभी केलीस? तोंड काळं येईल की!’’

‘‘नाना, मागच्या उजेडानं केसांना रुपेरी कड येते. चेहऱ्यावर भिंतीवरून परतलेला उजेड घ्यायचा.’’

‘‘मग भिंतीकडंच तोंड कर म्हणावं तिला.’’

शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. नाना चौथीपर्यंत शिकलेत.

आजीचा प्रश्न निराळा. कॅमेरा दिसला की ती ठेवणीतलं लुगडं नेसते, हात मांड्यांना चिकटवते आणि आधार कार्डावरचा चेहरा धारण करते. ‘‘आजी, नेहमीसारखं बोल,’’ म्हटलं, की ती कॅमेऱ्यालाच विचारते, ‘‘जेवलास का?’’

भर दुपारी चेहऱ्यावर सावल्या अशा पडतात, की डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. त्यावर उपाय सुब्रत मित्र यांनी १९५६च्या ‘अपराजितो’त करून ठेवला आहे. बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलेलं होतं. त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावर आपटून खाली घेतला. त्यामुळं उघड्या आभाळाचा मऊ, बिनसावलीचा प्रकाश मिळाला. आम्ही त्याच कापडातून ऊन गाळायचं ठरवलं. आजोबांचं धोतर अंगणावर ताणलं. उजेड खरोखर मऊ पडला. आजोबा मात्र पंचा गुंडाळून ओट्यावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, ‘‘धोतर कलेला दिलंय.’’

पुढचा धडा व्ही. के. मूर्तींचा. १९५९च्या ‘कागज के फूल’मधला तो प्रसिद्ध प्रकाशझोत त्यांनी आरशांवरून ऊन वळवून आणला होता. आम्ही गावच्या सलूनमधला आरसा मागून आणला आणि एका पोराच्या हातात दिला. कवडसा आजीवर पडायचा होता, पण पोराला त्यातली सत्ता कळली. त्यानं तो आधी मास्तरांच्या डोळ्यांत मारला, मग सरपंचांच्या आणि शेवटी बैलाच्या. पहिल्या दोघांनी नुसत्या शिव्या दिल्या.

रात्रीच्या दृश्यांसाठी कुब्रिकनं १९७५च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्त्या वापरल्या. त्यासाठी नासाकरता बनवलेली लेन्स आणली. आमच्या गावात त्या कलेसाठी एवढा खटाटोप लागत नाही, वीजच जाते. गंमत अशी, की वीज बनवणारं परळीचं केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे. २०१५च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्रही बंद ठेवावं लागलं. वीज असली, की ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकते. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून शटर एकपन्नासांशावर ठेवलं की हे थांबतं. कॅमेऱ्याची माझी पहिली पक्की विद्या ती हीच.

पण बीडमधली खरी अडचण कोणत्याच पुस्तकात नाही. इथला उजेड दिवाळीनंतर गोड होतो. ऊन तिरपं पडतं, बालाघाटच्या डोंगरांना सोनेरी कड येते. नेमकं तेव्हा निम्मं गाव कोयता घेऊन साखर कारखान्यांकडं ऊसतोडीला गेलेलं असतं. उजेड आहे, चेहरे नाहीत. माणसं परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे आमचा एकमेव दिवा डोक्यावर येऊन बसतो तेव्हा. वर्गात विचारतात, ‘‘इतक्या कडक उन्हात का शूट केलंस?’’ काय सांगणार? आमच्या गोल्डन अवरला नट मुकादमाची उचल फेडत असतात.

तेव्हा कॅमेऱ्यासाठी कर्ज काढायला निघालेल्या मित्रांनो, जरा थांबा. प्रकाशयोजना म्हणजे उजेड आणणं, हा शहरातला समज आहे. आमच्याकडं ती उजेड अडवण्याची कला आहे आणि ती शिकायला एक धोतर व एक आरसा पुरतो. धोतर विचारून घ्या, आरसा पोराच्या हाती देऊ नका आणि माणसं गावात कधी असतात, ते कॅमेऱ्याची बॅग भरण्याआधी मुकादमाला विचारा.