झटापटीची चौकशी

(माजिवडा. नाशिक हायवे आणि घोडबंदर रोड जिथे एकमेकांच्या अंगावर येतात, तिथून हाकेच्या अंतरावरच्या टॉवरचा अकरावा मजला. शनिवार, रात्रीचे साडेनऊ. सेक्रेटरी बेल दाबतात आणि मग कडीही वाजवतात. टॉवरमधल्या फ्लॅटला बाहेरून कडी असते की नाही कोण जाणे, पण सेक्रेटरींना ती सापडते.)

सेक्रेटरी : आत कितीजण आहेत?

भाडेकरू : मी आणि तीन मित्र, काका.

सेक्रेटरी : काका लिफ्टमध्ये. दारात सेक्रेटरी. सगळे जिवंत आहेत?

भाडेकरू : मघापर्यंत होते. का?

सेक्रेटरी : (फोल्डरमधून कागद काढत) खालच्या मजल्यावरून लेखी तक्रार आलीय. दोन पानं, पाठपोट. वाचतो. ‘गेल्या शनिवारी रात्री 10 वाजून 20 मिनिटांनी वरून आवाज आला, शुद्धीवर यायच्या आत उचल त्याला. 10 वाजून 21 मिनिटांनी, भट्टीत टाक, भट्टीत. 10 वाजून 22 मिनिटांनी, अरे मला कुठे घेऊन चाललास, मी तुझा मित्र आहे.’ आता सांग, माझ्या सोसायटीत भट्टी आली कुठून?

भाडेकरू : गेममधली आहे ती.

सेक्रेटरी : भाडेकरारात भट्टीचा उल्लेख नाही.

भाडेकरू : व्हिडिओ गेम, काका. टीव्हीवर. आत येऊन बघा ना.

सेक्रेटरी : मी बघायला नाही, चौकशीला आलोय. (चप्पल काढतात.) चहा ठेवू नकोस. साखर कमी घाल.

(टीव्हीवर चार गुबगुबीत बाहुले : लाल, पिवळा, हिरवा, निळा. निळ्याने पिवळ्याच्या कानशिलात लगावायला हात उगारलाय. हात पोचेपर्यंत निळा स्वतःच मागे कलंडलाय. पिवळा त्याला ओलांडताना त्याच्याच पोटात पाय अडकून पडतो. सोफ्यावरचे तिघे सिक्सर बसल्यासारखे ओरडतात.)

सेक्रेटरी : प्यायलेत का हे?

भाडेकरू : सोफ्यावरचे नाही.

सेक्रेटरी : टीव्हीतले.

भाडेकरू : त्यांची हाडंच तशी आहेत. याला रॅगडॉल फिजिक्स म्हणतात. बाकीच्या गेममध्ये माणूस कसा पडेल हे चित्रकाराने आधीच काढून ठेवलेलं असतं. दहादा मारा, दहादा तस्साच पडतो. इथे डोकं, धड, दंड, मांड्या असे सुटे तुकडे सांध्यांनी जोडलेत. गुडघा उलटा वळणार नाही, मान गरगर फिरणार नाही, एवढंच बंधन. पुढे वजन किती, धक्का कुठून आला, याचा हिशेब मशीन दर सेकंदाला कितीतरी वेळा मांडतं आणि जे होईल ते होऊ देतं.

सेक्रेटरी : जे होईल ते होऊ देतं! आणि पैसे मोजून घेतलंत हे?

भाडेकरू : सेलमध्ये.

सेक्रेटरी : हिशेब कोणाचा?

भाडेकरू : लू व्हर्ले नावाचे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1967 साली द्रवरूप आर्गॉनचे 864 अणू कॉम्प्युटरवर हलवून बघितले. रीत साधी. कणाचा वेग वेगळा लिहून ठेवायचा नाही. मघाशी कुठे होता, आत्ता कुठे आहे, एवढ्यावरून पुढे कुठे जाईल ते काढायचं.

सेक्रेटरी : म्हणजे पोलीस व्हेरिफिकेशन. मागचा पत्ता, आताचा पत्ता. तुझं बाकी आहे अजून.

भाडेकरू : सोमवारी देतो. मग डेन्मार्कमध्ये ‘हिटमॅन’ नावाचा गेम बनला, 2000 साली. त्यात ती रीत वापरली. थॉमस याकोबसन यांनी 2001 मध्ये त्याच्यावर पेपरही वाचला, आणि मग सगळ्या गेमवाल्यांनी उचलली.

सेक्रेटरी : अणूंची रीत माणसांना लावली?

भाडेकरू : मेलेल्या माणसांना. मुडदा जिन्यावरून खराखुरा घरंगळायला हवा होता.

सेक्रेटरी : अणूंवरून मुडद्यांवर. आणि मुडद्यांवरून?

भाडेकरू : आमच्यावर.

सेक्रेटरी : हं. आधी कोणी केलं नव्हतं?

भाडेकरू : 1998 मध्ये ‘ट्रेसपासर’ आला होता, ज्युरासिक पार्कवरचा. त्यातले डायनासोर असे हिशेबाने कोसळायचे.

सेक्रेटरी : चालला?

भाडेकरू : तोही कोसळला.

सेक्रेटरी : पण हे तुझे बाहुले उठतायत की! मुडदा उठत नाही.

भाडेकरू : तिथेच तर मजा आहे. मुडद्याच्या सांध्यांत जोर नसतो. यांच्या सांध्यांत थोडा सोडलाय. उभा राहा, उभा राहा, अशी आतून ओढ असते. पण धड उभं राहता येईल इतका जोर कधी देत नाहीत.

सेक्रेटरी : (डावा गुडघा धरून सोफ्यावर टेकतात.) सांध्यांतल्या जोराचं मला नको सांगूस. अर्धं आयुष्य कबड्डी खेळलो, उरलेल्या आयुष्यात पंच होतो. त्यातला लाल कोणाचा?

भाडेकरू : माझा. डावं बटण डावा हात, उजवं बटण उजवा. पटकन दाबलं की ठोसा. दाबून धरलं की पकड.

(सेक्रेटरी चहाचा कप खाली ठेवतात.)

सेक्रेटरी : पकड?

भाडेकरू : हो. हाताला लागेल ते धरतो. दंड, पाय, रेलिंग, भिंत. समोरचा सापडला की उचलायचा आणि कडेवरून खाली टाकायचा.

सेक्रेटरी : रेषा कुठे आहेत?

भाडेकरू : रेषा नाहीत. खाली पडला तो बाद.

सेक्रेटरी : पंच कोण?

भाडेकरू : गुरुत्वाकर्षण.

सेक्रेटरी : त्याची नेमणूक कोणी केली? आहे कुठला हा गेम?

भाडेकरू : ‘गँग बीस्ट्स’. इंग्लंडमधली बोनलोफ म्हणून छोटी कंपनी आहे, भावाभावांनी काढलेली. 2014 मध्ये अर्धामुर्धा विकायला ठेवला, 2017 च्या डिसेंबरमध्ये पुरा केला.

सेक्रेटरी : 2014 म्हणजे प्रो कबड्डी सुरू झाली ते साल. लोकांना पकड बघायची होती, बघ.

भाडेकरू : या बाहुल्यांच्या गावाचं नाव बीफ सिटी आहे.

सेक्रेटरी : ते चौकशीत येणार नाही. तू बोलला नाहीस, मी ऐकलं नाही.

(नवा सामना. हायवेवरून शेजारी शेजारी दोन ट्रक. चौघे बाहुले टपावर.)

सेक्रेटरी : हे ट्रक उभे आहेत ना?

भाडेकरू : नाही, सुसाट सुटलेत.

सेक्रेटरी : दोन्ही?

भाडेकरू : दोन्ही.

सेक्रेटरी : मग हा माजिवडा नाही. चालू द्या.

(समोरून रस्त्यावरची पाटी येते. निळ्याला ती दिसत नाही, पिवळ्याला दिसते. पिवळा वाकायचं बटण शोधेपर्यंत लालसकट तिघेही पाटीला आदळून हायवेवर. हिरवा जागचा हललेला नाही. तो जिंकतो.)

सेक्रेटरी : हिरव्याने केलं काय?

भाडेकरू : काही नाही. त्याचा मालक गेम खेळत नाही, जेवायला येतो. हा पिवळेवाला रोज चार-चार तास खेळतो. दोघांच्या विजयात फार फरक नाही.

सेक्रेटरी : मग यात कौशल्य काय?

भाडेकरू : कौशल्य असतं तर आम्ही तिघांनी याच्याबरोबर खेळणं कधीच सोडलं असतं.

सेक्रेटरी : मारामारी करायची, तीही कौशल्य नसताना! निदान चांगली जनावरं तरी घ्यायची.

भाडेकरू : आहेत ना. ‘पार्टी अ‍ॅनिमल्स’, 2023 चा. मांजरं, कुत्री एकमेकांना बदडतात.

सेक्रेटरी : कुत्र्यांचं नाव काढू नकोस. बी विंगमध्ये भटक्यांना खायला घालण्यावरून सहा महिने बैठका चालू आहेत. आणि एवढंच खेळायचं तर चौघांनी आपापल्या घरी बसून का नाही खेळत? हल्ली इंटरनेटवर होतं ना सगळं?

भाडेकरू : होतं. पण मग ज्याने ढकललं त्याच्या मांडीवर चापट मारता येत नाही.

(पुढचा सामना. उंच इमारतीच्या बाहेर काचा पुसणाऱ्यांचा झुला, दोऱ्यांवर लोंबकळणारा.)

सेक्रेटरी : थांब. हे आपल्या रंगकामाला आले होते ते.

भाडेकरू : तसलंच. याच्या दोऱ्या तुटतात.

सेक्रेटरी : आणि कमरेला पट्टे नाहीत कोणाच्या! बिल अडवा याचं.

(बघता बघता निळा गेला. त्याचा मालक पिझ्झाच्या खोक्यात केचपची पुडी शोधायला मोकळा. झुला एका अंगाला कलतो. पिवळा घसरतो, पण त्याचा एक हात रेलिंगला अडकून राहतो. लाल त्याचा हात सोडवायला वाकतो आणि स्वतःच कोलांटी खाऊन रेलिंगपलीकडे जातो. जाता जाता दोन्ही हातांनी पिवळ्याचा घोटा धरतो. आता रेलिंगला पिवळा आणि पिवळ्याला लाल, दोघे वाऱ्यावर सुकत घातलेले.)

पिवळेवाला : पाय सोड माझा!

भाडेकरू : सोडला तर मी पडेन!

पिवळेवाला : नाही सोडलास तर दोघं पडू!

भाडेकरू : मग दोघं पडू!

सेक्रेटरी : (उभे राहून) कोणी सोडायचं नाही! घोटा पकड म्हणजे अशी. अंगठा आतून हवा, पण ठीक आहे. अजून कोणीही बाद नाही.

हिरवेवाला : लटकलेत की दोघं!

सेक्रेटरी : लटकलेला बाद नसतो. कबड्डीत चढाईवाल्याच्या अंगावर सातजण बसलेले असले तरी बोटाचं टोक मध्यरेषेला लागलं की तो सुटला आणि सातही गेले. झटापट सुरू झाली की राखीव क्षेत्रसुद्धा मैदानात धरतात. इथे पिवळ्याची बोटं रेलिंगला आहेत. म्हणजे पिवळा आत आहे. लाल पिवळ्याला लागून आहे, म्हणजे लालही आत.

हिरवेवाला : मी लाथ मारू का मग?

सेक्रेटरी : मार. पण पुढे जाताना तोल...

(हिरवा जन्मात पहिल्यांदा स्वतःहून काही करायला जातो. लाथ हवेत, पाठोपाठ तोही हवेत. जाताना पिवळ्याचं डोकं धरू बघतो. हातात काही येत नाही. एक गेला. उरले दोघे.)

सेक्रेटरी : सांगत होतो! मागचा पाय रोवल्याशिवाय पुढचा उचलतात का कधी? आता पिवळ्या, दुसरा हात वर घे. वर! दुसरं बटण दाब रे!

पिवळेवाला : दाबलं की तो रेलिंगऐवजी स्वतःचा गुडघा धरतो!

सेक्रेटरी : मग सोडून परत दाब! लाल, घट्ट! घट्ट!

(एक दोरी तुटते. झुला उभा होतो. सेक्रेटरी दोन पावलं पुढे येतात, दोन्ही हात पसरतात, आणि ज्या क्षणी पिवळ्याचा हात सुटतो त्या क्षणी टीव्ही आणि चौघांच्या मधोमध बनियनवर चढवलेला त्यांचा पांढरा सदरा असतो. ते बाजूला होतात तेव्हा पडद्यावर पुढचा सामना सुरू झालाय.)

भाडेकरू : कोण जिंकलं?

पिवळेवाला : मी!

भाडेकरू : काका, तुम्ही मध्ये उभे होतात!

सेक्रेटरी : पंच मैदानातच उभा असतो. (घड्याळ बघून) साडेदहा! बोलण्यात गुंतवलंत मला. अर्ज पुरा वाचायचा राहिला. (दुसरं पान उलटतात.) ‘तक्रार क्रमांक 7. हायवेवर ढकल, असा आवाज आला असता ह्यांनी गॅलरीत जाऊन हायवे पाहिला, तिथे नेहमीप्रमाणे सर्व वाहने उभी होती.’ ते बरोबर आहे. ‘तक्रार क्रमांक 8. पिवळा नावाचा मुलगा फार अरेरावी करतो.’

भाडेकरू : तेही बरोबर आहे.

सेक्रेटरी : ‘तक्रार क्रमांक 9. आवाज सर्वांत मोठा झाला की एकदम बंद होतो. शेवटी कोण पडलं ते समजत नाही. आम्ही उभयता बराच वेळ जागे राहतो. मागील शनिवारी लालचे काय झाले हे कृपया कळवावे.’

(शांतता. निळेवाल्याला केचपची पुडी सापडते.)

भाडेकरू : मागच्या शनिवारी लाल भट्टीत गेला.

सेक्रेटरी : लिहून घेतो. (अर्जाच्या समासात लिहीत) शेरा. समक्ष पाहणी केली. भट्टी, ट्रक व मृतदेह आढळले नाहीत. झुल्याच्या दोरीबाबत संबंधितांस समज दिली. दर शनिवारी अकराच्या आत अंतिम निकाल इंटरकॉमवर खालच्या मजल्यास कळवावा. निकाल पंचांच्या सहीने ग्राह्य धरला जाईल.

भाडेकरू : पंच कोण?

सेक्रेटरी : पुढच्या शनिवारी नऊला येतो. आजचा निकाल, पिवळा विजयी.

भाडेकरू : काय? तुम्ही बघितलंत तरी का? तुमची पाठ होती टीव्हीकडे!

सेक्रेटरी : बघायची गरज नाही. तू त्याच्या घोट्याला होतास. घोटा माणसाच्या खालच्या टोकाला असतो. खालचा आधी पोचतो.

भाडेकरू : पडताना उलटे झालो असू! रॅगडॉल आहे तो, कसाही पडतो!

सेक्रेटरी : (चप्पल घालत) हरकत असेल तर लेखी दे. दोन प्रतींत. कमिटी पहिल्या रविवारी बसते.