अकरा महिन्यांची इस्त्री

जाहिरातीत सगळं असतं. पदाचं नाव, पदसंख्या, आरक्षण, मानधन, वयाची अट, मूळ कागदपत्रांची यादी, झेरॉक्सचे संच किती, उमेदवारानं स्वखर्चानं हजर राहावं आणि ही भरती कोणत्याही टप्प्यावर रद्द करण्याचा अधिकार कोणी राखून ठेवला आहे, तेसुद्धा. थेट मुलाखतीला घालून काय यायचं, एवढंच तेवढं लिहायचं राहतं. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यात आरोग्याची कंत्राटी जाहिरात निघाली, की 16 तालुक्यांतली कपाटं एकाच संध्याकाळी उघडतात.

जाहिरात सरकार काढतं, पण पहिली निवड समिती घरी बसते. अध्यक्षपदी आई. तिचा कौल साडीला, कारण नर्सबाई साडीतच शोभते हे तिनं स्वतःच्या बाळंतपणात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहून ठेवलेलं असतं. मोठी बहीण पंजाबी ड्रेसच्या बाजूची, मात्र ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावण्याच्या अटीवर. वहिनी कुर्ती-लेगिंगचं सुचवते आणि तो प्रस्ताव चर्चेविना फेटाळला जातो. वडील कूलरसमोरून विचारतात, "साधं जाय ना बाप्पा, थे कपडे पायतेत का मार्क?" त्यांना समितीतून वगळण्यात येतं. अखेर जरा बरी साडी नेसून पोरगी अंगणात येते, तोच शेजारच्या काकू म्हणतात, "काहून वो, लगनाले चालली का?" साडी बदलणं आलं.

मुलांचं सोपं असतं, हा गैरसमज आहे. लॅब टेक्निशियनच्या जागेसाठी निघालेल्या पोराकडे फॉर्मल पॅन्ट एकच असते आणि नेमकी तीच मित्राच्या मुलाखतीला गेलेली असते. बूट भावाच्या लग्नातले, टोकदार. त्यांच्यावर जरीकाम नाही, हे नशीब. आणि बीएएमएस झालेल्या डॉक्टरीणबाईंपुढचा पेच तर वेगळाच: ॲप्रन घालून जावं, तर गेटवरचा माणूस वॉर्डाकडे पिटाळतो, न घालता जावं, तर स्टाफ नर्सच्या रांगेत उभं करतो.

निर्णय झाला तरी तो यवतमाळपर्यंत टिकत नाही. उमरखेड काय, वणी काय, जिल्ह्याचं ठिकाण शंभराच्या आगेमागे किलोमीटर. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. वाचलेले पैसे इस्त्रीवाल्याकडे जातात. मग मे महिन्याचं पंचेचाळीस अंशांकडे निघालेलं ऊन, तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा, मांडीवर फाईल आणि खिडकीतून येणारी धूळ. वणीकडची असेल तर त्या धुळीत कोळसाही असतो. पांढरी कुर्ती घालून वणीहून निघालेली मुलगी यवतमाळच्या दत्त चौकात उतरते तेव्हा तिच्या कुर्तीचा रंग कोणत्याही दुकानाच्या कॅटलॉगात सापडत नाही.

आता एवढी धडपड कशासाठी, ते पाहू. सरकारी आरोग्य सेवेत कायम होणाऱ्या नर्सला, आरोग्य सेवकाला, तंत्रज्ञाला मुलाखत द्यावीच लागत नाही. केंद्र सरकारनं खालच्या पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या. महाराष्ट्रात 2023 साली जिल्हा परिषदांची मोठी भरती झाली ती आयबीपीएसच्या ऑनलाइन परीक्षेवर, वैद्यकीय शिक्षण विभागाची झाली ती टीसीएसच्या. संगणकाला उमेदवाराचा रोल नंबर दिसतो, साडीचा काठ दिसत नाही. म्हणजे निवृत्तीपर्यंत पोसायच्या माणसाचं तोंडही न पाहता सरकार त्याला घेतं आणि वर्षभरासाठी घ्यायच्या माणसाला मात्र समोर बसवून आपादमस्तक न्याहाळतं. लग्न पत्रिका जुळवून उरकायचं आणि भाडेकरू ठेवताना तीनदा चहापोह्याला बोलवायचं, असा हा व्यवहार. बरं, भाडेकरूला मिळतं काय? या कंत्राटी जाहिरातींमध्ये स्टाफ नर्सला 20 हजार, बहुउद्देशीय कर्मचाऱ्याला 18 हजार, एमबीबीएसला 60 हजार असे आकडे वाचायची जिल्ह्याला सवय झाली आहे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला 25 हजार आणि कामगिरी दिसली तर वर 15 हजार. पोशाखावर झालेला खर्च यात कुठं धरायचा, ते ज्याचं त्यानं बघावं.

पोशाखाबद्दल सरकार अगदीच मुकं आहे, असंही नाही. 8 डिसेंबर 2020 रोजी सामान्य प्रशासन विभागानं परिपत्रकच काढलं. जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, पायात स्लिपर नको, शुक्रवारी खादी घालावी. बायकांनी साडी, सलवार-कुर्ता किंवा ट्राउझरवर कुर्ता, लागेल तिथं दुपट्टा. आणि हे सगळं कोणामुळे सांगावं लागलं? शासनाची प्रतिमा मळते ती प्रामुख्यानं कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागार यांच्या कपड्यांमुळे, असं निरीक्षण त्यात होतं. ज्याला निवृत्तिवेतन नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही, त्याच्या अंगावर शासनाची प्रतिमा मात्र आहे! शिवाय तारीख बघा. डिसेंबर 2020. त्या महिन्यात सरकारी दवाखान्यांतले हेच कंत्राटी लोक पीपीई किटात कोंडून घामाघूम उभे होते, आणि त्या किटाखाली जीन्स आहे की लुंगी, हे पाहायला कोविड वॉर्डात कोणताही अवर सचिव आला नव्हता.

जीन्सबंदीचं यवतमाळला वेगळंच दुःख. शहराला लागून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंड युको डेनिमचा कारखाना आहे. 2006 साली बेल्जियमच्या युको कंपनीशी भागीदारी झाली, इथलं कापड देशाबाहेरही जातं. जिल्ह्याची काळी माती कापूस पिकवते, लोहारा त्याच धंद्यात डेनिम विणतं, आणि तेच अंगावर चढवून यवतमाळचा माणूस सरकारी कार्यालयात कामाला गेला तर शासनाची प्रतिमा मळत होती. पुढे मार्च 2021 मध्ये जीन्सला माफी मिळाली. टी-शर्टची शिक्षा कायम राहिली. जीन्सनं असं कोणतं प्रायश्चित्त घेतलं, याचा खुलासा झाला नाही.

कपड्यांवर खापर फोडायची सवय या जिल्ह्यानं याहून वाईट वेळी पाहिली आहे. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसावर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांना आणलं गेलं ते वसंतराव नाईकांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच. तेव्हाही औषध कोणतं, ते कोणी विकलं, फवारा किती उंच, याच्या बरोबरीनं चर्चा रंगली ती शेतमजुरानं मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे का घातले नव्हते याची. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात छातीएवढ्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन ते सगळं घालून पाहण्याची मुलाखत कोणी दिली नाही.

तर, कपडे. आरोग्य क्षेत्रात शिरायचं दारच मुळी चपलेचं आहे. डॉक्टर व्हायला नीट परीक्षा द्यावी लागते आणि नीटच्या केंद्रावर पूर्ण बाहीचा सदरा चालत नाही, बूट चालत नाहीत. अर्ध्या बाह्या आणि पायात स्लिपर, हा तिथला शिष्टसंमत पोशाख. पाच-सहा वर्षांनी तेच पोर नोकरी मागायला आलं, की पूर्ण बाह्या आणि बूट हवेत, स्लिपर दिसली तर परिपत्रक. आणि हा टाय-कोटाचा थाट ज्यांच्याकडून आपण उचलला, त्या इंग्रजांनी सप्टेंबर 2007 मध्ये ठरवून टाकलं, की रुग्णाजवळ जाताना कोपराखाली काहीही नको: लांब बाही नको, घड्याळ नको, दागिना नको, आणि टायसुद्धा नको, कारण तो क्वचितच धुतला जातो आणि खाटेखाटेवर लोंबत फिरतो. त्यासरशी डॉक्टरांचा पांढरा कोटही तिथल्या वॉर्डातून जवळजवळ हद्दपार झाला. इकडे मात्र मुलाखतीला आलेल्या सिस्टरच्या हातात दोन बांगड्या नसल्या की आईला काळजी, आणि वॉर्डात असल्या की इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांना.

त्या पांढऱ्या कोटाचीही काही सनातन परंपरा नाही. टॉमस ईकिन्स या अमेरिकन चित्रकारानं 1875 मध्ये रंगवलेले डॉ. ग्रॉस काळ्या कोटात शस्त्रक्रिया करताहेत. त्याच चित्रकाराचे 1889 चे डॉ. ॲग्न्यू पांढऱ्यात आहेत. वैद्यकीच्या काळ्याचं पांढरं व्हायला 14 वर्षं पुरली.

हरियाणानं 2023 साली सरकारी दवाखान्यांसाठी आणखी बारीक नियम केले. जीन्स, स्कर्ट, लांब नखं, जड दागिने, मेकअप यांच्यासोबत 'फंकी' केशभूषेवरही बंदी आणि नियम मोडला तर त्या दिवसाची गैरहजेरी. केस फंकी आहेत की नुसते यष्टीच्या खिडकीतून आलेले आहेत, हे ठरवणारा तज्ज्ञ कोणत्या संवर्गातला, हे कळलं असतं तर यवतमाळच्या पोरांनी त्या पदालाही अर्ज केले असते.

या सगळ्या गोंधळात शेजारच्या वर्धा जिल्ह्याचा हेवा वाटावा. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादी घालायची, हे आधीच ठरलेलं. विद्यार्थी असो वा प्राध्यापक, प्रश्न कापडाचा उरतच नाही. फार तर चुरगळल्याचा उरतो, आणि खादीत तो गुन्हा धरत नाहीत.

आणि ज्या मराठी बाईनं या पेशात सगळ्यांत आधी पाऊल टाकलं, तिला तर कोणी विचारलंच नाही. 1885 सालचा आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातला फोटो प्रसिद्ध आहे: जपानची के ओकामी किमोनोत, सीरियाची सबात इस्लामबुली तिकडच्या पोशाखात आणि आनंदीबाई साडीत. पुढच्या वर्षी त्या एम.डी. झाल्या आणि कोल्हापूर संस्थानानं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जागा त्यांना देऊ केली ती पत्रानं, अमेरिकेच्या पत्त्यावर. स्वखर्चानं थेट मुलाखतीस हजर राहावे, असं त्यात नव्हतं. दुर्दैवानं रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये, त्या गेल्या.

यवतमाळच्या रांगेत नंबर लागतो तेव्हा दुपार झालेली असते. इस्त्री बसमध्येच संपली, काजळ जिन्यात, आणि टोकदार बुटांनी तिसऱ्या तासाला शरणागती पत्करली. समोर टेबलापलीकडची मंडळीही सकाळपासून बसलेली; त्यांच्या शर्टांची अवस्था काही फार वेगळी नसते. फाईल उघडते. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का? नूतनीकरण झालं का? मराठी वाचता येतं ना? मग खरा प्रश्न: दूर झरी-जामणी तालुक्यात जाल का? इथं अनुभवी उमेदवार पापणीही लवू न देता हो म्हणतो, आणि साडी कोणत्या रंगाची होती हे त्या क्षणापासून कोणाच्याही लक्षात राहत नाही.

निवड झाली, की करारनामा. त्याला स्टॅम्पपेपर लागतो आणि ऑक्टोबर 2024 पासून 100 रुपयांचा चालत नाही, 500 चा घ्यावा लागतो. म्हणजे पहिल्या पगाराआधी आणखी एक ब्लाउजपीस गेलं. अशा करारांवर दहा-दहा वर्षं काढलेल्यांना नियमित सेवेत घेण्याचा शासन निर्णय 14 मार्च 2024 चा. त्याची अंमलबजावणी मागत राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कर्मचारी 19 ऑगस्ट 2025 पासून राज्यभर संपावर गेले. संपात कोणी काय घालून बसावं, याबद्दल मात्र अजून एकही परिपत्रक निघालेलं नाही. कराराची मुदत साधारण 11 महिने 29 दिवस, मग एक दिवस खंड, मग पुन्हा नवा आदेश. त्या एका दिवशी तो माणूस सरकारचा कोणीच नसतो. टी-शर्ट घाला, पायात स्लिपर चढवा. प्रतिमा मळण्याची भीती नाही. फक्त संध्याकाळी साडी इस्त्रीला टाकून ठेवावी, पुन्हा मुलाखत घेणार असतील तर उपयोगी पडते.