पिसवांची रीतसर हकालपट्टी

ज्या गृहस्थाच्या घरी कुत्रे अगर मांजर आहे, आणि घोट्याभोवती ओळीने उठलेल्या लाल पुटकुळ्या खाजवीत जो मध्यरात्री "यंदा डास फार" असे कुटुंबास सांगतो, त्याने ही आत्मवंचना प्रथम सोडावी. ज्यांचे नाव घेण्यास तो संकोचतो आहे, त्या पिसवांची त्याच्या घरात केव्हाच वहिवाट पडलेली आहे.

तथापि पुराव्यावाचून कारवाई करू नये. उवांची बारीक दातांची फणी घेऊन जनावराच्या शेपटीच्या बुडाशी उलट्या अंगाने फिरवावी, फणीत येणारे काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावेत आणि थोडा वेळ स्वस्थ बसावे. कण काळेच राहिले तर ती माती. भोवती तांबूस ओघळ पसरला तर ते पिसवांनी पचवून टाकलेले रक्त होय, आणि मग मुद्देमाल हाती आला असे समजण्यास हरकत नाही.

यानंतर बहुतेक कुटुंबांत कुत्र्याला न्हाणीघरात ओढून नेण्याचा सोहळा होतो, आणि वस्तुतः जो फिर्यादी त्यालाच शिक्षा होते. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा म्हणजे एकूण प्रजेचा जेमतेम ५ टक्के हिस्सा. उरलेला ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश या रूपांनी सतरंजीत, फरशीच्या सांध्यांत व पलंगाखालील धुळीत सुखेनैव नांदत असतो. एक मादी दिवसाला ४० पर्यंत अंडी घालते. ती गुळगुळीत असल्यामुळे जनावर जेथे लोळेल, अंग झाडील, तेथे तेथे गळतात. आणि त्यांतून निघालेली उजेडास भिणारी अळी मातापितरांच्या त्याच वाळलेल्या रक्तमय विष्ठेवर पोसते. पुढील पिढीच्या उदरनिर्वाहाची इतकी चोख तजवीज आमच्या मध्यमवर्गातही क्वचितच आढळते.

भलत्यालाच धरण्याची ही खोड जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवल्यावर सरकारने माणसांच्या घरांच्या झडत्या घेतल्या, सामानसुमान जाळले, आणि पुण्यात त्या जुलुमापायी प्लेग-अधिकारी रँडसाहेब प्राणास मुकले; १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरील पिसूकडे बोट दाखविले, तर ते विद्वानांना कैक वर्षे पटेना. (आपल्या घरची पिसू बहुधा ती नव्हे, ही नावाने मांजराची, पण कुत्र्यावरही निःसंकोच मुक्काम करणारी.)

म्हणून मोहीम दोन आघाड्यांवर एकाच दिवशी उघडावी. घरातील यच्चयावत जनावरांना, "आमचे नव्हे" म्हणून ज्याला रोज दूध घातले जाते त्या बोक्यासह, पशुवैद्याने वजन पाहून दिलेले औषध लावावे. कुत्र्याचे औषध काटकसरीच्या बुद्धीने मांजरास मुळीच लावू नये; त्यांपैकी काहींत असणारे पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते. रॉकेल चोळणे आणि लसूण चारणे हे शेजारधर्माचे उपचार शेजाऱ्यांनी स्वतःवरच करावेत. त्याच दिवशी अंथरुणे-पांघरुणे कढत पाण्यात घालावीत, आणि कपाटे हलवून, गृहप्रवेशानंतर जेथे केरसुणी पोहोचली नाही तेथपर्यंत झाडून, तो केर घराबाहेर काढावा. फणीत सापडलेली पिसू चिरडण्याच्या भरीस न पडता साबणाच्या पाण्यात बुडवावी. तिचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे व टणक असल्याने ती चिमटीतून निसटते आणि वीतभर उंच उडून दृष्टीआड होते.

हे सर्व निदान तीन महिने चालू ठेवावे लागते, कारण कोशाला औषध बाधत नाही. धूळ चिकटवून घेतलेल्या त्या चिकट वेष्टनात पिसू महिनोन्‌महिने तहकूब होऊन पडते, आणि पावलांचा कंप, अंगाची ऊब व श्वासाची चाहूल लागताच बाहेर येते. सबब, मे महिन्याची सुटी संपवून बंद घरी परतणाऱ्या मंडळींनी एकदम आत घुसू नये. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवून एका प्रौढ व धीरोदात्त नातेवाइकास पुढे पाठवावे, त्याने खोल्यांतून पाय आपटीत हिंडून यावे, आणि दारात मोज्यांवरील काळ्या ठिपक्यांची मोजदाद करावी. या कामी जावयाची नेमणूक शक्यतो टाळावी, निदान पहिल्या वर्षी तरी.