पावाची कैफियत

गेल्या रविवारी साताऱ्याकडच्या पाव्हण्यांसाठी मिसळीचा घाट घातला असता सौभाग्यवतींनी माझ्या हाती जी फेरिस्त दिली, तीत स्वल्पविरामासारख्या क्षुद्र चिन्हांना थारा न देता ‘फरसाण अर्धा साखर पाव’ एवढाच मजकूर होता. आणि मीही आज्ञाधारकपणे अर्धा किलो फरसाण व पाव किलो साखर घेऊन, वाण्याची रीतसर पावती खिशात घालून, विजयी मुद्रेने घरी परतलो. त्यानंतर माझ्या बुद्धीची सर्वांसमक्ष जी रुजुवात झाली तिचा तपशील देत नाही. माझी कैफियत एवढीच, की अपराध माझा नसून त्या दोन अक्षरांचा आहे.

चतुर्थांशाचा पाव हा खानदानी. संस्कृतातला ‘पाद’ म्हणजे पाय, आणि जनावराला पाय चार, म्हणून चौथा हिस्सा तोही पाद. ही कल्पना एकट्या संस्कृताची नव्हे. तमिळमध्येही ‘काल’ म्हणजे पाय आणि ‘काल’ म्हणजेच पाव हिस्सा. पावशेर, पावली, पाऊण ही सारी या घराण्यातली सद्वर्तनी संतती. (मराठीत ‘पाद’ म्हणून जो आणखी एक शब्द आहे तो ‘पर्द्’ धातूचा, सर्वस्वी निराळ्या कुळातला, ‘पूज्यपाद’ हे संबोधन मोठ्याने वाचताना आमच्या वर्गाची जी अवस्था होई, तिचे खापर संस्कृतावर फोडू नये.) देव नवसाला पावतो आणि मनीऑर्डर पावते तो पाव तिसराच, त्याचे मूळ ‘प्राप्’मध्ये, आणि माझ्या खिशातली पावती ही त्याची कन्या.

भट्टीतला पाव मात्र गलबतातून आला. लॅटिन ‘पानिस’मधला न पोर्तुगिजांनी नाकात ओढून घेतला, त्याचा ‘पाँव’सारखा काहीसा उच्चार केला, आणि तो गोव्यात उतरवला. त्यांचीच माणसे १५४३ साली जपानच्या किनाऱ्याला लागली. तेथे या शब्दाचा ‘पान’ झाला, म्हणून आपण जेवणानंतर जे खातो ते जपानी माणूस न्याहारीलाच खातो. आपण तर ते अनुनासिकही काढून टाकले. परिणाम असा, की आपला सपाट ‘पाव’ लिस्बनच्या माणसाला ऐकवला तर त्याच्या कानी ‘लाकूड’ किंवा ‘दांडका’ पडतो. म्हणजे दादरचा वडापाव हा त्याच्या लेखी वडादांडका, आणि काही गाड्यांवरच्या पावाचा अनुभव घेता तो अगदीच चुकतो असेही म्हणवत नाही. चिनी लोक वाफेवर उकडतात त्या ‘पाउ’चा याच्याशी सुतराम संबंध नाही, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गुंडाळणे.

पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही आमच्या आजीची व्युत्पत्ती, आणि तिच्या जोरावर तिने हयातभर पावाला उंबरठा ओलांडू दिला नाही. धर्म बुडण्याची तिची धास्ती निराधार नव्हती. मुंबईत १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेत गुपचूप दाखल व्हायचे तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. आणि त्या सभेचे एक धुरीण होते दादोबा पांडुरंग, ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ सालीच छापून निघाले होते. मराठीच्या विभक्त्या मांडून देणारा पुरुष पावाला अनुकूल, हे आजीला कळते तर तिने विभक्त्याही सोवळ्यात घेतल्या नसत्या. मराठीत विरामचिन्हे रुजवल्याचे श्रेय मेजर कँडीसाहेबांना देतात. पावावर वाढलेल्या साहेबाने आणून दिलेला स्वल्पविराम आमच्या फेरिस्तीत नेमका पावापाशीच गळावा, यात मला काही दैवी संकेत दिसतो.

हा सर्व खुलासा मी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सादर केला. सौभाग्यवतींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि उत्तरादाखल माझ्या हाती रिकामी पिशवी दिली. वाण्याकडे पोहोचलो तो लाद्या संपलेल्या.

“पावाची गाडी आता पावणेसातला,” तो म्हणाला. “तोवर साखर देऊ का?”

परत आलो तेव्हा पंगत बसली होती, तर्रीचा लाल तवंग वाट्यांच्या काठाशी थरथरत होता, आणि थोरले पाव्हणे चमचा शोधत होते.

“पाव्हणं,” ते मला म्हणाले, “रस्सा फक्कड झालाय. पर खायाचा कशासंगं?”