हॅम्बर्गमधला भातत्यागी

हॅम्बर्गमध्ये राहून कीटो करणं म्हणजे पंढरपुरात राहून बुक्क्याची ॲलर्जी असणं. कोपऱ्याकोपऱ्यावर बेकरी, आणि फ्रान्सब्रोटशेनचा लोणी-दालचिनीचा वास थेट यू-बानच्या फलाटापर्यंत. 1703पासून रविवारी पहाटे भरणाऱ्या फिशमार्क्टात मासासुद्धा पावात घालून मिळतो. आमचे हे आतला मासा खातात आणि पाव माझ्या हातात देतात. इथे कबुतरांना खायला घालायला बंदी, म्हणून तो मीच खाते. वजन त्यांचं उतरतं, वाढतं माझं.

दिवसाला कर्बोदकं जेमतेम 20 ते 50 ग्रॅम. एका केळ्यातच 25च्या आसपास जातात. म्हणून भाताऐवजी किसलेला फुलकोबी. त्यावर वरणही नाही, डाळीतही कर्बोदकं! गणपतीत तर कहर झाला. या माणसाने बाप्पासमोर मोदकाची उकड सोलून बाजूला ठेवली आणि सारणातलं खोबरं गुळापासून सोडवायला बसला. तूप मात्र वाटीभर. सासूबाई व्हिडिओ कॉलवरून म्हणाल्या, "अरे, भात पितरांनाही लागतो. तू जिवंतपणीच सोडलास?"

हा आहार मुळात औषध आहे. 1921मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. पुढे ज्या मुलांना तो वर्षानुवर्षं द्यावा लागला, त्यांच्यातल्या काहींना मुतखडे झाले, काहींची हाडं कमकुवत झाली, उंची खुंटली. आणि ती मुलं तर डॉक्टरांच्या नजरेखाली होती. आमच्याकडे नजर ठेवायला यूट्यूब. सुरुवातीला वजन भराभर उतरतं हे खरं, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. मोठ्या माणसांवरचे दीर्घ मुदतीचे अभ्यास अजून तोकडेच आहेत.

यांच्या रिपोर्टात एलडीएल कोलेस्टेरॉल चांगलंच चढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "सकाळी काय खाता?"

"अंडी, बेकन, लोणी."

"दुपारी?"

"चीज."

"पोट साफ होतं?"

ऑफिसात फाडफाड जर्मन बोलणाऱ्या माणसाला इथे एकाएकी जर्मन येईना. बाईंनी कागदावर '30 ग्रॅम' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. जर्मनीत मोठ्या माणसाने रोज निदान इतका चोथा खावा, अशी शिफारस आहे.

मूत्रपिंडाची तक्रार असेल किंवा मधुमेहासाठी ग्लिफ्लोझिन वर्गातल्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. त्या गोळ्यांवर साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठणं, होऊ शकतं. बाकीच्यांनी कोलेस्टेरॉल आधी तपासावं, मग अधूनमधून. आणि गणपतीला आमच्याकडे येणार असाल, तर मोदक अख्खा खाण्याच्या बोलीवरच या.