आठ बाय बेचाळीस

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात की त्यांना दुर्बीण घ्यायची असते. घेतलेली नसते, घ्यायची असते. मुलीचं लग्न होतं, स्वतः निवृत्त होतात, इमारत पुनर्विकासाला जाते, तरी दुर्बिणीचं 'बघणं चालू' असतं. ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्ये तीन दुर्बिणी आणि एक मोनोक्युलर कायमच्या मुक्कामाला असतात.

हे वेड साधारण पन्नाशीनंतर लागतं. मेहुण्याने भिगवणहून फ्लेमिंगोंचा फोटो पाठवला एवढं निमित्त पुरतं. मग रोज रात्री जेवणं आटोपली की गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवतात आणि फोन नाकाशी धरतात. दूरचं बघण्याची तयारी इतक्या जवळून करावी लागणारा दुसरा छंद नसेल.

"अहो, झोपा आता."

"अगं, प्रिझम बॅक-फोरचं आहे की बीके-सेव्हनचं, तेवढं बघतो."

"दोन्ही काचेचीच ना? मग उद्या बघा."

काकूंचं म्हणणं शब्दशः खरं आहे. दोन्ही काचेचेच प्रकार. पण काका आता अशा वाटेला लागलेत की तिथे काचेला काच म्हणत नाहीत. लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला ते तळमजल्यापासून सुरुवात करतात. "आठ बाय बेचाळीस म्हणजे काय? आठपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. आता 42 ला 8 ने भागा." माणूस तिसऱ्या मजल्यावर भागत असतो. "सव्वापाच! तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येणार. पण भर उन्हात तुमची बाहुली असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे बाकीचा उजेड गेला वाया!" माणूस पाचव्याऐवजी चौथ्यावर उतरतो आणि एक जिना पायी चढतो.

गंमत म्हणजे काकांचं ज्ञान पक्कं आहे. इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने 1854 मध्ये प्रिझमच्या रचनेचं पेटंट घेतलं, म्हणून खांदे रुंद असलेल्या दुर्बिणीला पोरो म्हणतात आणि सरळ नळ्यांची ती रूफ, हे सोसायटीतल्या पोरांनाही त्यांच्यामुळे पाठ आहे. शिवाय फसव्या जाहिरातीला ते बधत नाहीत. 'ऐंशी बाय शंभर' असं छापलेला स्वस्त मोनोक्युलर दिसला की ते पट्टी घेऊन बसतात. "शंभर मिलिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटरचं भिंग. आणि चित्रात हा गडी मुठीत मावलाय!" नुसत्या हातात दहापटीच्या वर चित्र थरथरतं, ऐंशीपटीला तिपाई लागेल, हेही ते ऐकवतात. 'नाइट व्हिजन' लिहिलेल्या साध्या दुर्बिणीवर तर त्यांचा विशेष राग. भिंगाने अंधारात दिसत नाही, असलेला उजेड गोळा होतो, एवढंच.

ग्राहकांचे अभिप्राय ते पोथीसारखे वाचतात. एकाने पाच तारे दिलेले असतात, कारण खोका छान होता. दुसऱ्याने एकच तारा दिलेला असतो, कारण पार्सल आणणारा मुलगा जिना चढला नाही. "यातून शनीची कडी दिसतील का?" असं कोणी विचारलेलं असतं आणि खाली उत्तर असतं, "माहीत नाही, मी भाच्याला भेट दिली." काका तेही वहीत उतरवून घेतात.

अखेर एका सेलमध्ये, बँकेच्या कार्डावर सूट मिळाल्यावर, दुर्बीण येते. खोका उघडतानाचं चित्रीकरण काकूंना करावं लागतं. उद्या परत पाठवायची वेळ आली तर पुरावा हवा. मग परीक्षा. काका दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करतात आणि नेत्रिकेतला प्रकाशाचा ठिपका पुरता गोल आहे की कडेने कापलेला, ते तपासतात. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डावा जमवतात, मग डावा मिटून उजव्याची कडी फिरवतात. हा सगळा विधी बाल्कनीत चालतो. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं त्यांना स्वच्छ वाचता येतात. समोरच्या इमारतीला मात्र एवढंच दिसतं की एक गृहस्थ एकेक डोळा मिटत इकडे बघतायत. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पडदे लागतात आणि सेक्रेटरींचा फोन येतो.

म्हणून मग भिगवण. उजनी धरणाचा फुगवटा, हिवाळ्याची सकाळ, होडी पाण्यात, पुढे उथळ पाण्यात फ्लेमिंगोंचा थवा. होडीतले सगळे गप्प. काकांनी दुर्बीण लावलेली.

"काय, कसे वाटले?"

"कडेला जरा मऊ पडतात."

"कोण?"

"फ्लेमिंगो. मधोमध आहेत ते कातीव आहेत, पण कोपऱ्यातल्यांना जांभळी झाक येते."

थवा उडतो. पंखांखालचा लाल-काळा रंग सगळ्या होडीला दिसतो. काका तेव्हा शेजारच्याच्या गळ्यातली दुर्बीण उलटी करून तिच्या भिंगावरचा लेप हिरवा आहे की जांभळा, ते बघत असतात. परतताना ते जाहीर करतात की ही परत करायची आणि कारण लिहायचं, 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.'

तरीही काकांची टिंगल जपून करावी. त्यांच्या सल्ल्याने ज्यांनी ज्यांनी दुर्बीण घेतली, त्यांतला एकही फसलेला नाही. चौथ्या मजल्यावरच्या मुलीने तिच्यातून गुरूचे चार चंद्र पाहिले. तळमजल्यावरचे आजोबा रोज सकाळी भारद्वाजाची हजेरी घेतात. दुर्बिणीतून बघायचं राहिलंय ते फक्त काकांचं, कारण ते अजून दुर्बीणच बघतायत.

तेव्हा पहिल्यांदाच दुर्बीण घेणार असाल तर खुशाल काकांना गाठा. ते आठ बाय बेचाळीस सांगतील, ती घ्या. चष्मा असेल तर डोळा भिंगापासून निदान 15 मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ना, हे विचारून घ्या. परतीची मुदत बघा. फक्त भिगवणला जाल तेव्हा त्यांच्या होडीत बसू नका.